पाती कुणी फिरवली

१२ सप्टेंबर

दोन दिवसांसाठी आलेय. असं मी प्रत्येक ठिकाणी म्हणते. मामीने माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाली, "दोन दिवसांच्या मानाने बरीच फुगलीय." मामा खुर्चीतूनच ओरडला, "आली का आमची भटकभवानी?" उठला मात्र नाही. पूर्वी फाटकापर्यंत यायचा.

संध्याकाळी आईचा फोन. बेकरीतली नोकरी सोडल्याचं तिला कुणी सांगितलं कोण जाणे. "पावातसुद्धा तुझं मन फुगलं नाही?" आईला राग आला की ती विनोदी होते.

इथली परिस्थिती अशी. मामाच्या पाठीतली चकती सरकलीय, शीर दबलीय. डॉक्टर म्हणाले, ट्रॅक्टरवर बसणं बंद, हादरे खाल्लेत तर उजवा पाय जाईल. आणि मामाचा सगळा धंदाच तो! छोटासा ट्रॅक्टर, मागे वेगवेगळी यंत्रं जोडायची आणि लोकांच्या बागा, मैदानं, फळझाडांच्या रांगा — गवत कापून द्यायचं, माती भुसभुशीत करून द्यायची. या हंगामात एकही काम घेतलं नाही. फाटकावर पाटी आहे, मामीच्या अक्षरात: "ट्रॅक्टर व सर्व जोडयंत्रे विकणे आहे."

जेवताना मी सहज विचारलं, "गेला का ट्रॅक्टर?" दोघांनी एकाच वेळी मीठ मागितलं. या घरात तो शब्द काढायचा नाही, हे मला मिठावरून कळलं.

१३ सप्टेंबर

शेड पाहिली. घरापेक्षा नीटनेटकी! मामी म्हणते, "कपाटातला शर्ट सापडत नाही त्यांना, पण तिथला पाना अंधारात सापडतो."

ट्रॅक्टर नारिंगी, बुटका, गोड आहे. मोठ्या ट्रॅक्टरचा धाकटा भाऊ वाटतो. शेजारी यंत्रं ओळीने बसलीत. माती फिरवणारा रोटाव्हेटर, त्याच्या पोटाखाली वाकडी नखं. पुढे लावायची लोखंडी बादली. पानं गोळा करायचा लांब दातांचा फणा. आणि गवत कापायचं ते बसकं, रुंद टोपण, त्याला मामा नुसतं "कटर" म्हणतो. त्याच्या पोटात काय असतं ते वरून दिसत नाही. मला वरून न दिसणारी गोष्ट दिसली की खाज सुटते.

वाकून बघणार तेवढ्यात बादलीच्या कडेने मुंग्यांची रांग दिसली, मेलेला भुंगा ओढत होत्या. उभा न्यायचा की आडवा, यावर त्यांचं एकमत होईना. अर्धा तास गेला. कटर राहिलाच.

१४ सप्टेंबर

आज जाणार होते. ग्रीस गन सापडली. राहिले.

१६ सप्टेंबर

ग्रीस गनबद्दल. प्रत्येक यंत्राला जागोजागी छोट्या पितळी घुंड्या असतात. त्यावर गनचं तोंड टक्कन बसवायचं आणि दाबायचं. आत ग्रीस जातं आणि सांध्यातून जुनं काळं बाहेर येतं. ते बाहेर आलेलं पाहून मला फार बरं वाटतं, का ते माहीत नाही. मामा उलट्या डब्यावर बसून काठीने दाखवत होता, "ती राहिली. तिच्या मागे एक आहे. लपून बसते ती." सगळ्यांना पाजून झाल्यावर म्हणाला, "आता पुसून घे. ग्रीसला माती चिकटते, माती सांधा खाते. पाजायचं आणि तोंडही पुसायचं. लेकरासारखं."

मग जोडणं शिकले. ट्रॅक्टरच्या मागे खाली दोन दांडे, वर एक. तीन ठिकाणी यंत्र धरायचं. ऐकायला सोपं. पण ट्रॅक्टर उलटा आणून दोन्ही दांडे भोकांसमोर अगदी नेमके आणायचे म्हणजे सुईत दोरा ओवायचा आणि सुई टनभर वजनाची! मी चारदा चुकले. डावा जमला की उजवा रुसायचा.

तेवढ्यात मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पदराला पुसत माझ्या मागे उभी राहिली आणि काही न बोलता नुसत्या हाताने खुणा करायला लागली. तळहात खाली — हळू. दोन बोटं — डावीकडे जरा. मूठ — थांब. पहिल्या झटक्यात बसलं.

मी म्हटलं, "मामी, तुला येतं?"

"इतकी वर्षं त्यांच्या मागे उभी कोण राहिलं, तुझी आई?"

मामा लांबून म्हणाला, "भांडण झालेलं असलं तरी खुणा करायला यायची. खुणासुद्धा रागाने करायची."

"मूठ दाखवायची असली की मला बरंच वाटायचं," मामी म्हणाली आणि आत गेली.

मागे फिरणारा दांडा असतो, इंजिनची ताकद यंत्राला देणारा. तो चालू असताना जवळ जायचं नाही. सैल कपडा, मोकळे केस, काहीही गुंडाळून घेतो. मामी परत बाहेर आली ती रबर घेऊन. माझे केस आवळून बांधले, डोळे बारीक होईस्तोवर.

१८ सप्टेंबर

घरामागच्या वाफ्यात रोटाव्हेटर चालवला. मी एकटीने! मामा बाजूने चालत होता. त्याचं चालणं बघवत नाही, पण आवाज खणखणीत. "हळू जा. माती वर यायला वेळ लागतो. तुझ्यासारखी धावत नाही ती."

मध्येच खाट्कन आवाज आणि नखं फिरायची थांबली. मला वाटलं, संपलं, मोडलं, आता रात्रीचीच पिशवी भरावी. मामाने खिशातून एक बोल्ट काढून हातावर ठेवला. म्हणाला, दगड लागला की हा तुटतो. मुद्दाम मऊ लोखंडाचा ठेवलेला असतो. हा तुटला म्हणून आतली महागडी दातेरी चाकं वाचली. काही शहाणे चिडून इथे पक्का बोल्ट घालतात. मग बोल्ट तुटत नाही, बाकी सगळं तुटतं.

तुटण्यासाठीच बनवलेली वस्तू! त्याच्या कारखान्यात ती तपासणारा माणूस काय म्हणत असेल? "छान, हा वेळेवर तुटला." मला ती नोकरी चालेल.

दगड काढला. त्याच्याखाली गोगलगायीची अंडी, साबुदाण्यासारखी. ती दुसरीकडे नेऊन पुरली. मामा तोवर काठीवर रेलून उभा. आज सबंध दिवस तो हसतमुख होता, हे मामीनेही पाहिलं. ती खिडकीत होती.

१९ सप्टेंबर

मी झोपले आहे असं समजून मामा पहाटे शेडमध्ये गेला. ट्रॅक्टर सुरू केला नाही. नुसता चाकावर हात ठेवून उभा राहिला. मग पाना उचलला, पुसला, होता तिथे ठेवला.

मामी विकायचं म्हणते ते बरोबरच आहे. तरी मला मामाच्या बाजूने वाटतं. शेड रिकामी झाली तर हा माणूस सकाळी उठून जाणार कुठे?

२१ सप्टेंबर

आज गिऱ्हाईक आलं. याआधी दोन येऊन गेलेत म्हणे, दोघांनी नकार दिला. हा तिसरा, नोकरीतून निवृत्त झालेला, मोठी बाग असलेला, टोपीवाला. टोपीवाल्याने आधी टायर दाबून पाहिले. टायर दाबले की आपण जाणकार दिसतो असं पुरुषांना का वाटतं?

मामी म्हणाली, भाचीला चालवू दे. मामा म्हणाला, "दाखवताना मीच." बसला. बसताना ओठ घट्ट मिटले होते. मागच्या मोकळ्या जागेत दोन फेऱ्या मारल्या.

आणि गवत कापलंच गेलं नाही! म्हणजे कटर गरगरत होता, आवाज भरपूर, पण मागे बघावं तर गवत आडवं पडलेलं. नुसता भांग पाडल्यासारखं. थोड्या वेळाने एकेक पातं उठून उभं. टोपीवाला म्हणाला, "याच्यापेक्षा आमची शेळी बरी कापते."

मामा म्हणाला, "शेळी डिझेलही पीत नाही."

मामी म्हणाली, "जुनंच आहे हो मशीन. आम्ही कुठे नवं म्हटलं?"

टोपीवाला गेला. मला मामाची दया आली. इतका पक्का माणूस आणि चारचौघांत ही शोभा! पण तो तर शीळ घालत होता. मामीनेही कपाळाला हात वगैरे लावला नाही, उलट चहाबरोबर बिस्किटं काढली. लाज झाकायची प्रत्येकाची तऱ्हा असते.

२२ सप्टेंबर

मामाचं भिंग घेऊन गवतात पालथी पडले. कापलेल्या गवताचं टोक कात्रीने कापल्यासारखं सरळ हवं. हे टोक चघळल्यासारखं — तंतू तंतू, कडेला पिवळं. म्हणजे कटरचं पातं गवताला कापत नव्हतं, झोडपत होतं. का?

बोथट झालं असेल? मामा दर हंगामात धार लावतो. कटर वाकडा बसलाय? पट्टी लावून मोजलं, सरळ आहे. टायरात हवा कमी? नाही, ते तर टोपीवाल्यानेही तपासलं!

उत्तर पोटातच असणार. उद्या मामा व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरकडे जाणार आहे, मामी बाजारात.

२३ सप्टेंबर

पाती उलटी आहेत!

कटर दांड्यांवर वर उचलला, इंजिन बंद केलं, खाली शिरले. तीन लांब पाती, प्रत्येकी एक बोल्ट. पात्याच्या टोकांना मागच्या बाजूने पंखासारखा एक वळलेला भाग असतो, तो वरच्या दिशेला हवा. तो फिरताना हवा वर ओढतो, त्या ओढीने गवत ताठ उभं राहतं, मग धार त्याला कापते. इथे तिन्ही पंख जमिनीकडे. धारेची बाजू मागे, पाठ पुढे. म्हणजे आपण सुरी उलटी धरून कांदा चिरतोय.

एक पातं उलटं असतं तर चूक म्हटली असती. तिन्ही?

मग मला वाईट वाटायला लागलं. मामाने स्वतःच लावली असणार, दुसरं कोण हात लावतं? म्हणजे मामा विसरायला लागलाय. परवा माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं नाव त्याला आठवेना. पाठ गेली, आता डोकंही? हे त्याला कळलं तर तो खचेल. मामीला कळलं तर ती रडेल.

मी कुणालाच सांगायचं नाही असं ठरवलं. पाती काढली. कानशीने धार लावली, एकाच दिशेने, मामा सांगतो तशी. मग भिंतीतल्या खिळ्यावर पातं मधल्या भोकात अडकवून पाहिलं. जी बाजू खाली झुकते ती जड, तिथे अजून थोडं घासायचं. दोन्ही बाजू समान झाल्या की पातं खिळ्यावर आडवं शांत राहतं. तिसरं शांत झालं तेव्हा मीही झाले. मी इतका वेळ एका जागी कधी बसल्याचं मला आठवत नाही.

नीट लावली. पंख वर. दोघं यायच्या आत हात धुऊन पुस्तक घेऊन बसले. मामी म्हणाली, "तब्येत बरी आहे ना? पुस्तक वाचतेयस."

२४ सप्टेंबर

मी केलंय ते चांगलं केलंय ना? हो.

२६ सप्टेंबर

चौथं गिऱ्हाईक. रोपवाटिकावाला, तरुण, कमी बोलणारा. याने टायर दाबले नाहीत. याने ग्रीसच्या घुंड्या पाहिल्या आणि मान हलवली.

मामा शीळ घालतच सीटवर चढला. कटर खाली सोडला, पहिली फेरी सुरू केली आणि थोडं गेल्यावर शीळ थांबली. त्याने मागे वळून पाहिलं. मागे हिरवागार गालिचा! ओल्या गवताचा वास शेडपर्यंत आला. मी तर टाळ्या वाजवायच्या बेतात होते. मामाने मामीकडे पाहिलं. मामी दारात उभी होती, तिने मामाकडे पाहिलं. मग दोघांनी एकदमच दुसरीकडे पाहिलं.

मामाने उरलेली जागा पूर्ण कापली. गरज नव्हती. एकही रेघ वाकडी नाही.

उतरताना मात्र त्याला उतरता येईना. उजवा पाय उचलतच नव्हता. मामीने तो दोन्ही हातांनी धरून खाली ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. रोपवाटिकावाला तोंड फिरवून गवत बघत राहिला. भला माणूस.

मग म्हणाला, "मी घेतो. सगळी यंत्रं घेतो."

मामाने मामीला विचारलं, "काय म्हणतेस?"

मामी म्हणाली, "तुमचं तुम्ही ठरवलंच असेल."

मामा म्हणाला, "ने बाबा."

पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येणार. बिस्किटं निघाली नाहीत.

२७ सप्टेंबर

घरात कुणी मेल्यासारखं. मीठसुद्धा कुणी मागत नाही.

२८ सप्टेंबर

मामीबरोबर चादरींच्या घड्या घालत होते. ती एका टोकाला, मी दुसऱ्या. जवळ यायचं, टोकं द्यायची, परत लांब जायचं. अशा कामात मला गप्प राहवत नाही. आणि माझ्या पोटात काही राहत नाही हे जगजाहीर आहे. म्हटलं, "मामी, एक सांगू? रागवू नकोस. मामा विसरायला लागलाय." आणि पात्यांचं सगळं सांगितलं.

मामीच्या हातातून चादर सुटली.

"तू केलीस ती सरळ? तुझ्या मनाने?"

"हो. कुणाला कळू नये म्हणून—"

"त्यांनी नाही सांगितलं तुला?"

"मामाला माहीतच नाहीये."

ती पलंगावर बसली. हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "अगं गाढवे," म्हणाली, "उलटी मी केली होती."

मला काही सुधरेना. "पण विकायचं म्हणत होतीस ना तू?"

"पाटी लावली नसती तर डॉक्टर, तुझी आई, शेजारीपाजारी, सगळ्यांनी माझं डोकं खाल्लं असतं. आणि पाटी लागल्यावर ते सीटवर बसायचे थांबले. विकायची वस्तू, जपून ठेवायची. पण ते यंत्र खरंच गेलं असतं ना, तर त्यांच्यात काय उरलं असतं? म्हणून म्हटलं, पाटीही असू दे, यंत्रही असू दे. गिऱ्हाईक यावं, बघावं, जावं."

म्हणजे विकायला काढलेलं पण कधीच न विकलं जाणारं! काय डोकं आहे मामीचं. आणि मी त्या डोक्यावर धार लावून ठेवली.

"मग रोपवाटिकावाल्याला नकार का दिला नाहीस?"

"पाती सरळ झालेली पाहिली आणि मला वाटलं, यांनी सगळं ओळखलं आणि तुझ्याकडून फिरवून घेतली. म्हणजे यांनीच मन घट्ट केलं. त्यांनी एवढं केल्यावर मी कशी आडवी येऊ?"

२९ सप्टेंबर

मामी म्हणाली होती, तू सांगू नकोस, मी बघते. सकाळी मामाला दाढीचं पाणी द्यायला गेले आणि पाण्याबरोबर सगळं सांगून आले.

मामा ऐकत राहिला. साबण गालावर वाळला. म्हणाला, "उलटी आहेत हे मला पहिल्या गिऱ्हाइकाच्या वेळीच कळलं. हवा ओढल्याचा आवाज नव्हता. मी काही लावली नव्हती तशी. घरात तिसरं कोण होतं?"

"मग तू बोलला नाहीस?"

"काय बोलायचं? बायको तोंडाने विका म्हणतेय आणि हाताने थांबवतेय. मला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं." त्याने तोंड पुसलं. "परवा सरळ झालेली दिसली. मला वाटलं, हिने तुझ्याकडून सरळ करून घेतली. थकली बिचारी माझं करून करून. म्हणून हो म्हटलं."

असं आहे तर. दोघं एकमेकांना पात्यांतून निरोप देत होते, आणि मधल्यामध्ये मी एक निरोप लिहून टाकला. तो दोघांनीही वाचला आणि दोघांनाही अक्षर दुसऱ्याचं वाटलं. असल्या घरात भिंग घेऊन फिरू नये माणसाने.

मामा मात्र दहा वर्षांनी तरुण झाला. काठी न घेता शेडकडे निघाला. "बोलव तिला. आणि फोन आण माझा. त्या पोराला सांगतो, बाबा रे, माफ कर, नाही विकायचं. जमेल तसं थोडं थोडं काम करू. पाय काय, बसून बसूनही जातो."

मामी आली. दोघं समोरासमोर उभे, नव्या लग्नासारखे. मला तिथून जायला हवं होतं. गेले नाही.

मामा हसत म्हणाला, "पण काय गं, या वयात तू त्याच्याखाली शिरलीस तरी कशी?"

"पाठीवर झोपून. दुसरं कसं?"

"बोल्ट सुटले?"

"पान्यात पाइप घालून ओढले. तुम्ही ओढता तसे."

"वा." मामा माझ्याकडे वळला. "आणि तू?"

मी म्हटलं, तशीच, पण आधी चारी बाजूंनी लाकडी ठोकळे सारून. कटरच्या अंगावरच चित्र चिकटवलेलं आहे — खाली माणूस, वर यंत्र, त्यावर लाल फुली. दांड्यांनी उचलून धरलेलं यंत्र म्हणजे नुसत्या तेलाच्या दाबावर लटकलेलं. नळी फुटली, उचलायच्या दांडीला धक्का लागला की सगळं वजन खाली. म्हणून आत शिरायच्या आधी ठोकळे.

"शाब्बास," मामा म्हणाला आणि फोनवर नंबर शोधत मामीला सहज विचारलं, "तूही लावले होतेस ना?"

मामी म्हणाली, "कसले ठोकळे?"

मामाची बोटं थांबली.

"ठोकळे गं. खाली. यंत्र वर तसंच होतं?"

"मला काय माहीत असलं? तुम्ही कधी मला खाली जाऊ दिलंत? वर होतं, मी शिरले."

"किती वेळ होतीस?"

"बराच. एक बोल्ट सुटेचना."

मामा बादलीच्या कडेवर बसला. त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नाही, डॉक्टरांनी पायाचं सांगितलं तेव्हाही नाही, असं मामी नंतर म्हणाली. तो कटरकडे बघत होता. मग मामीच्या पायांकडे. मग परत कटरकडे. तोंडातल्या तोंडात म्हणाला, "माझ्यासाठी." एवढंच.

मग फोन लावला. "मी बोलतोय. पुढच्या आठवड्यात नको. उद्याच ये. हो, सगळं ने. आणि हे बघ, कटरखाली जाशील तेव्हा..." आणि ठोकळे कसे लावायचे ते त्याला सविस्तर सांगत बसला.

मी म्हटलं, "मामा, अरे पण झालं ना ते, काही झालं नाही ना."

म्हणाला, "तू गप्प."

मामी आत गेली.

३० सप्टेंबर

गेला ट्रॅक्टर. मी चढवला गाडीवर, मामा मागे उभा राहून खुणा करत होता. मामीसारख्याच खुणा. रोपवाटिकावाल्याने विचारलं, कधीतरी येऊन आमच्या पोरांना शिकवाल का, खुर्ची टाकून देतो सावलीत. मामा म्हणाला, बघू. म्हणजे जाणार.

दुपारी फाटकावरची पाटी काढली. मामा रिकाम्या शेडमध्ये गेला नाही. स्वयंपाकघरात मामीच्या मागे मागे फिरत राहिला. ती स्टुलावर चढली तर स्टूल धरतो, कुकर उघडला तर म्हणतो, "तोंड लांब ठेव." मामी म्हणाली, "यापेक्षा ट्रॅक्टर बरा होता." तो हसला नाही. स्टूल धरून राहिला.

२ ऑक्टोबर

मामी अंगणात कपडे वाळत घालत होती. मी चिमटे देत होते. चिमटा घेता घेता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "लावले होते गं मी ठोकळे. तेवढं कळतं मला."

मी बघतच राहिले.

"त्या दिवशी त्यांचा पाय माझ्या हातात लाकडासारखा होता. आणि तीनच दिवसांनी ते फोन शोधत होते, नाही विकायचं म्हणायला. स्वतःच्या पाठीसाठी त्यांनी ते कधीच सोडलं नसतं." एक शर्ट झटकला. "त्यांना बोलायचं नाहीस."

उद्या निघते. इथे राहिले तर दाढीच्या पाण्याबरोबर मामाला सांगून टाकीन. आई विचारणार, आता काय झालं? दर वेळी तिच्यासाठी एखादं खोटं कारण शोधावं लागतं. या वेळी खरं आहे, आणि सांगता येत नाही.